लिस्बनमध्ये उतरलेले साडेतीन किलो

विमानतळावर बॅग काट्यावर ठेवली, आकडा बरोबर 23 किलोवर थांबला आणि माझा जीव भांड्यात पडला. त्याच काट्यावर मला उभं केलं असतं तर आकडा 78 आला असता. उंची पाच फूट एक इंच! "आई, जादा सामान म्हणून तुलाच मागं ठेवलं असतं," असं मुलगा म्हणाला. मीही हसले. पण खरं सांगू, ते हसणं वरवरचं होतं.

लेक लिस्बनला, म्हणजे पोर्तुगालच्या राजधानीत, नोकरी करते. 'तू नुसती ये. पाहुणी म्हणून ये. काही करायचं नाहीये तुला,' असं तिचं दोन वर्षं टुमणं चाललं होतं. शेवटी 2024च्या एप्रिलअखेरीला निघाले. सात आठवडे राहायचं होतं. इथं पुण्यात घरी हे, मुलगा आणि 84 वर्षांच्या सासूबाई. पोळ्यांना बाई लावली, कुकर ह्यांनी लावायचा ठरलं, भाज्या मुलगा करणार. बाकी देवावर हवाला.

वजनाची धास्ती का होती ते आधी सांगते. त्याच वर्षी जानेवारीत रक्त तपासलं. एचबीएवनसी नावाची एक तपासणी असते. गेल्या तीनेक महिन्यांत रक्तातली साखर साधारण किती राहिली ते त्यात कळतं. 5.7च्या आत असेल तर ठीक, 6.5 किंवा त्याच्या वर गेली की मधुमेह. माझी आली 6.3. "तुम्ही कुंपणावर बसलाय," डॉक्टर म्हणाल्या, "उडी कुठल्या बाजूला मारायची ते बघा."

माझ्या आईनं ती उडी चुकीच्या बाजूला मारली होती. देवगडचं माझं माहेर. अंगणात अनवाणी वावरणारी आई. पायाला जखम झाली ती तिला कळलीच नाही, कारण पायाची जाणीवच कमी झाली होती. आधी अंगठा काढावा लागला, मग अर्धं पाऊल. त्यानंतर ती पाय नेहमी लुगड्याखाली झाकून बसायची. नातवंडांनासुद्धा दिसू द्यायची नाही. तेव्हा तो 6.3चा आकडा वाचून मला रात्र रात्र झोप आली नाही, यात नवल नाही.

उपाय केले नव्हते असं नाही हं. 2018-19च्या सुमारास आमच्या भिशीत दोन तट पडले होते, तुमच्याही पडले असतील. एक डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा. दिवसातून दोनदाच जेवायचं, ते 55 मिनिटांत, मध्ये काही नाही. दुसरा ऋजुता दिवेकरांचा. घरचं, आपल्या मातीतलं खा, तूप-भाताला घाबरू नका. मी दोन्ही तटांत राहून आले. शिवाय सकाळी तळजाईच्या टेकडीवर जाऊन यायचे. काटा एक किलो खाली, दीड किलो वर. दोष त्या दोघांचा नव्हता. कुठं चुकत होतं ते मात्र मला उमगत नव्हतं. म्हटलं, आता सात आठवडे पाहुणचार, पाव आणि चीज. परत येईन ती 82 किलोची होऊन!

लेकीचं घर ग्रासा नावाच्या भागात. लिस्बन सात टेकड्यांचं शहर म्हणतात आणि त्यातल्या उंच भागांपैकी हा एक. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दूध आणायचं तर तीन मजले उतरा, गल्लीचा उतार उतरा आणि पिशवी घेऊन तेवढंच चढून या. अट्ठावीस नंबरची पिवळी ट्राम घराजवळून जाते, पण ती पर्यटकांनी खच्चून भरलेली. रिक्षा? विश्वास बसणार नाही, पण लिस्बनमध्ये रिक्षा आहेत, अगदी आपल्यासारख्या तीनचाकी. मी आनंदानं हातच केला. भाडं ऐकलं आणि चालायला लागले. डाळ-पीठ आणायला आम्ही मार्तिम मोनीझ चौकात जायचो, तिथं भारतीय-बांगलादेशी दुकानं आहेत. जाताना गुळगुळीत पांढऱ्या दगडांचा उतार, येताना नुसत्या पायऱ्या. पहिल्या आठवड्यात पोटऱ्या अशा भरून आल्या की रात्री तेल चोळून घ्यायचे. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं, आपण पायऱ्यांवर न थांबता बोलत चढतोय.

पण नुसत्या चालण्यानं काही झालं नसतं. तळजाई तर मी इथंही चढत होते.

खाण्याचं सांगते. त्यांचा सकाळचा नाश्ता अगदीच बारका. दुधाची कॉफी आणि लोणी लावलेला भाजका पाव, संपलं. दुपारी साडेबारा-एकला मात्र सगळं शहर जेवायला बसतं. साध्या खाणावळींच्या दारात त्या दिवसाचं ताट हातानं लिहून लावलेलं असतं. ऑफिसातली माणसं, गवंडी, म्हाताऱ्या बायका, सगळे टेबलाशी बसून, काटा-चमचा घेऊन निवांत जेवतात. रात्रीचं जेवण आठच्या सुमारास. मध्ये पाचच्या आसपास कॉफी आणि काहीतरी गोड-खारं.

आणि जेवणाची सुरुवात बहुतेक वेळा सूपनं. आपल्याकडे हॉटेलात कॉर्नफ्लॉवर घालून दाट केलेलं मिळतं तसलं नव्हे. त्यांचं सगळ्यात लाडकं सूप 'काल्दू वेर्द', म्हणजे हिरवा रस्सा. बटाटा, कांदा, लसूण शिजवून त्याच पाण्यात घोटायचा. त्यांच्याकडे कोबीच्या जातीची, पण गड्डा न धरणारी गर्द हिरवी पानं मिळतात, ती अगदी केसासारखी बारीक चिरून त्यात घालायची आणि चार-पाच मिनिटं उकळायची. वरून ऑलिव्ह तेल. ते लोक सॉसेजची एक चकती टाकतात, मी ती बाजूला ठेवायचे. हा वाडगाभर रस्सा पोटात गेला की पुढच्या ताटावर तुटून पडावंसं वाटतच नाही.

आता गंमत ऐका. हे सूप करताना लेकीची घरमालकीण मला एकेक जिन्नस हातात धरून नाव सांगत होती. सत्तरी ओलांडलेल्या, खालच्याच मजल्यावर राहणाऱ्या त्या आजी. बटाटा दाखवला, म्हणाल्या, 'बताता'. मी म्हटलं, आमच्याकडेही बटाटाच! पावाला 'पांव'. कोबीला 'कोव्ह'. काजूला 'काजू', अननसाला 'अननाश'. मग मला चेवच आला. साबण? 'साबांव'. बादली? 'बाल्द'. चावी? 'शाव'. आमचं दोघींचं बोलणं एवढ्या शब्दांवर अर्धा तास चाललं! सासूबाईंना फोनवर हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अगो, म्हणजे उपासाचा बटाटासुद्धा त्यांचाच?" नाव त्यांचं, पण मूळ त्यांचंही नाही. बटाटा, मिरची, शेंगदाणा, रताळं, आणि ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो कंद, ही सगळी अमेरिका खंडातली पिकं. वास्को द गामा 1498मध्ये कालिकतजवळ उतरला, त्यानंतरच्या काळात पोर्तुगीजांच्या आणि इतरांच्या जहाजांतून ती इकडे आली. एकादशीचं आपलं आख्खं ताट परदेशी. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या.

तर त्या आजींनी एका रविवारी आम्हाला जेवायला बोलावलं. त्यांचा मुलगा, सून, नातूही आले होते. पदार्थ होता 'बाकाल्याव', म्हणजे खारवून सुकवलेला कॉड मासा. हा मासा नॉर्वे-आइसलँडकडच्या थंड समुद्रातला, पण पोर्तुगीजांचा जीव त्याच्यात. वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी त्याची एक वेगळी कृती आहे असं ते सांगतात. एक-दोन दिवस पाणी बदलत भिजवून खारटपणा काढायचा. मला तर आमची देवगडची खारवलेली सुरमईच आठवली. मासा, बटाटे, कोबीची पानं, गाजर, छोले, अंडी, सगळं उकडलेलं, वर लसूण आणि ऑलिव्ह तेल. मसाला म्हणाल तर नाहीच. मी पिशवीतून नेलेली सांडगी मिरची हळूच काढली, तर नातवानं तीच सगळ्यात आधी संपवली.

आजींनी भलंमोठं ताट टेबलाच्या मध्यावर ठेवलं, ॲप्रन काढून खुर्चीच्या पाठीला अडकवला आणि बसल्या. सगळे बसले. मी मात्र उठले, पाण्याचा जग आणायला. बसले. पुन्हा उठले, पाव संपला होता. तिसऱ्यांदा उठायला लागले तेव्हा आजींनी माझं मनगट धरलं आणि काहीतरी म्हणाल्या. लेक जरा अवघडून माझ्याकडे बघायला लागली.

"काय म्हणतायत?"

"विचारतायत, तुमच्याकडे स्वयंपाक करणारीला जेवायला कुठं बसवतात?"

मी म्हटलं, "सांग त्यांना, नंतर."

लेकीनं ते सांगितलं की नाही, मला माहीत नाही. मी बसले. ताटात जे होतं ते खाल्लं, गरम होतं तोवर खाल्लं. शेवटी प्रत्येकानं सुरीनं एकेक फळ कापून घेतलं. दीड तास झाला होता आणि मला भूक उरली नव्हती, पोट जडही नव्हतं.

निघताना बघितलं तर मासा-बटाटा बराच उरला होता. माझा हात सवयीनं त्याकडे गेला. दोन घास तर आहेत, आवरून टाकू! आजींनी ते सगळं झाकून फ्रीजमध्ये ठेवलं. उद्या ह्याचं 'रोपा वेल्या' करणार म्हणाल्या. रोपा वेल्या म्हणजे जुने कपडे! नाताळच्या आदल्या रात्रीचा मासा, बटाटा, कोबी उरतो, तो दुसऱ्या दिवशी लसणीच्या फोडणीत परततात, त्या पदार्थाचं हे नाव. शिळ्या पावाचंही तसंच, त्याचा लसूण-कोथिंबीर घालून 'असोर्दा' करतात. उरलेल्याला तिथं स्वतःचं नाव आहे, स्वतःची कृती आहे. आणि आपल्याकडे नाही का? फोडणीचा भात, फोडणीची पोळी, उरलेल्या वरणाची आमटी, भाजीचं थालीपीठ. पण माझ्या घरी तिथवर पाळी फार कमी वेळा यायची. उरलेलं त्याआधीच माझ्या पोटात गेलेलं असायचं.

त्या रात्री मी लेकीच्या वहीत यादी लिहिली. पुण्याच्या घरात सकाळी सहापासून रात्री साडेदहापर्यंत माझ्या तोंडात काय काय जातं. चहाबरोबर दोन खारी. पोह्यांचं मीठ बघायला दोन चमचे. डब्यासाठी लाटताना फाटलेली पोळी. सासूबाईंनी ठेवलेला अर्धी वाटी शिरा. कुकरच्या भांड्याला चिकटलेला भात, त्यावर तळाचं वरण. मग माझं 'जेवण'. संध्याकाळी भजी तळताना तीन. रात्री मुलगा उशिरा येतो, त्याला सोबत म्हणून अर्धी पोळी आणि भाजी. दूध तापवलं की भांड्याची साय. सगळं मिळून चांगलं एक आख्खं जेवण होत होतं. ते मी रोज उभ्यानं जेवत होते आणि कुठल्याच डाएटमध्ये मोजत नव्हते. दीक्षितांना दोन जेवणं सांगायचे, खात होते तीन!

हे वाचून तुम्ही हसत असाल तर एक दिवस तुम्हीही अशी यादी लिहून बघा.

पोर्तुगीज माणसं सगळी सडसडीत असतात असं मात्र समजू नका. त्या देशातही निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांचं वजन प्रमाणाबाहेर आहे. हॉटेलातली एक 'दोज', म्हणजे पूर्ण डिश, दोघांना पुरून उरते, म्हणून आम्ही 'मेया दोज', अर्धी मागवायचो. ही सोय मात्र मला फार आवडली. भाताबरोबर तळलेला बटाटा एकाच ताटात वाढतात. टेबलावर बसल्या बसल्या न मागता पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात आणि खाल्लं की बिलात लावतात, हे पहिल्यांदा आम्हाला चांगलंच महागात पडलं. गोड तर विचारूच नका. बेलेंच्या मठाजवळ 1837पासून चालत आलेलं एक दुकान आहे, तिथल्या अंड्याच्या बलकाच्या कुरकुरीत वाट्या, वर दालचिनीची पूड. जुन्या काळी मठांत कपड्यांना खळ करायला अंड्याचं पांढरं वापरायचे, मग उरलेल्या बलकांचं करायचं काय, त्यातून ही गोडाची परंपरा वाढली असं सांगतात. इथंही उरलेलंच बघा! आठवड्यातून एक वाटी खायची असं मी ठरवलं होतं. दोनदा नियम मोडला. जूनमध्ये सेंट अँथनीच्या सणाला तर गल्लीगल्लीत शेगड्या पेटतात आणि तारल्या भाजतात. सार्डिन म्हणजे आपली तारलीच की! त्या रात्री मी सहा खाल्ल्या, मोजून.

पोर्तुगालसह भूमध्य समुद्राच्या भागातल्या सात देशांच्या ह्या आहारपद्धतीला युनेस्कोनं 2013मध्ये मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतलं. त्यात ऑलिव्ह तेल, भाजी, मासे आहेतच, पण एकत्र बसून जेवणं हाही त्याचाच भाग धरलाय. हे लेकीनं वाचून दाखवलं तेव्हा मला आजींनी धरलेलं मनगट आठवलं.

जूनच्या मध्याला पुण्यात परतले. काट्यावर उभी राहिले, साडेचौऱ्याहत्तर. सात आठवड्यांत साडेतीन किलो! विमानातलं सुजलेले पाय धरून!

खरी लढाई पुढं होती. आमच्याकडे पोळी तव्यावरून थेट ताटात लागते. हे आणि मुलगा आधी, सासूबाई त्यांच्याबरोबर, मी शेवटी. तव्याशी उभी असलेली बाई पंगतीला बसणार कशी? मी आल्याच्या तिसऱ्या दिवशी पोळ्या आधी करून डब्यात ठेवल्या, चार ताटं घेतली आणि बसले. ह्यांनी पोळी हातात घेऊन उलटीपालटी केली.

"गार आहे."

"सात आठवडे बाईंच्या हातची डब्यातलीच खात होतात ना? तेव्हा नाही ते बोललात फोनवर!"

"तेव्हा तू नव्हतीस."

आता ह्याला काय म्हणायचं? प्रेम म्हणू की काय म्हणू? चांगले तीन आठवडे हे धुसफुसत होते. सासूबाईंचंही मन होईना. मी त्यांच्याबरोबर जेवायला बसले की त्याच अर्ध्या उठायच्या, "तू जेव, मी वाढते," म्हणत. गुडघे धरून. मग मी पोळ्यांचा डबा, भाजी, वरण सगळं टेबलावरच मांडायला लागले. कोणाला उठायला कारणच ठेवलं नाही.

सूप मी इथंही करते. ती पानं आपल्याकडे मिळत नाहीत, पण नवलकोलाचा पाला त्याच जातीतला. मंडईत भाजीवाली तो खुडून टाकतच असते, तिला म्हटलं मला दे. नसेल तर मुळ्याचा पाला किंवा कोबी. चौघांत मिळून एकच बटाटा, कारण साखरेचा धोका आहे. ऑलिव्ह तेलाऐवजी चमचाभर शेंगदाण्याचं तेल, लसूण परतून. सासूबाईंनी पहिल्या दिवशी त्याला 'आजाऱ्याचं पाणी' म्हटलं, आता त्यात मिरपूड मागतात. सूप, भाजी आधी आणि भात शेवटी घेतला तर साखर एकदम चढत नाही, हे डॉक्टरांनीही सांगितलं. औषधं चालू असतील त्यांनी मात्र आपापल्या डॉक्टरांना विचारूनच काय ते करा. रात्री जेवल्यावर आम्ही दोघं सोसायटीला चार फेऱ्या मारतो. हे फोनवर बातम्या ऐकत, मी त्यांच्या मागं.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा रक्त दिलं. 5.9. अजून कुंपणावरच आहे, पण निदान तोंड बरोबर दिशेला आहे. दिवाळीत किलोभर वाढलं, चकल्या तळताना मी यादी पार विसरले. आता काटा 73 आणि 75च्या मध्ये झोके घेतो. सत्तरच्या आत काही जात नाही.

उरलेल्याचं मात्र ठरलंय. जेवणं झाली की जे उरेल ते झाकून फ्रीजमध्ये, मी हात लावायचा नाही. परवा तीन पोळ्या उरल्या. सकाळी उठून बघते तर हे ओट्याशी. फोडणीची पोळी चालली होती. तेल हातचं न राखता घातलेलं, मोहरी तडतडून शेगडीभर उडालेली, कढीपत्ता काळा झालेला. चार बशा भरल्या आणि मला हाक मारली, "चल, बस. गरम आहे तोवर खा."